कोराचा डावा मोजा

३ मार्च, मंगळवार

ही वही अ‍ॅल्विनने दिली. अ‍ॅल्विन म्हणजे इथला स्वयंपाकी. भाजी-मटणाचा हिशेब लिहायला त्याने दोन वह्या आत आणल्या होत्या, त्यातली एक माझ्यापुढे टाकून म्हणाला, "तुला जास्त गरज दिसते पोरी. मघापासून भिंतीशी बोलतेयस."

झालं ते असं. सकाळी मी बंद काचेच्या कपाटात हात घालून कर्नल स्टॉबर यांनी चंद्रावर घातलेल्या सुटाचा बूट सोडवत होते. कपाटाला लांब रबरी हातमोजे लावलेलेच असतात. त्यांतून आत काम करायचं, म्हणजे चंद्रावरची धूळ आत आणि आपण बाहेर. सुटाच्या मनगटावरल्या धातूच्या कडीला रबर अडकलं आणि टर्रकन फाटलं. पाहते तर कोपरापर्यंत राखाडी हात. मग भोंगा वाजला, दारं लागली, आणि ज्यांच्याबरोबर मी गेली आठ वर्षं रोज हसले-बोलले ती माणसं काचेपलीकडून माझ्याकडे अशी बघू लागली की जणू मला खरूज झालीय.

नियम मीच पाठ केला होता. त्या धुळीत जिवंत काही आहे की नाही ते कुणाला ठाऊक नाही, म्हणून ज्याच्या अंगाला ती लागली त्याने चंद्रावरून आलेल्या तिघांबरोबर आत राहायचं, त्यांची मुदत संपेपर्यंत. रुडीला फोन केला. नवरा म्हणून काळजी करेल असं वाटलं होतं. म्हणतो, "पाच वर्षांत पहिल्यांदा मला सोडून राहणार, ती पण तीन परपुरुषांबरोबर. आईला काय सांगू?" मी म्हटलं, "खरं सांग." म्हणाला, "खरं सांगितलं तर ती चर्चमधल्या मेणबत्त्या संपवेल."

हसले, पण फोन ठेवल्यावर रडू आलं.

५ मार्च, गुरुवार

इथे एकही खिडकी नाही. दिवस आहे की संध्याकाळ ते अ‍ॅल्विनच्या कढईवरून कळतं. तो लुइझियानाच्या दलदलीकडचा, साठीचा, सहा मुलींचा बाप. डॉक्टर पायर सडपातळ आणि कायम चिंतेत. कर्नल स्टॉबर मोहिमेचे प्रमुख, भांग पाडल्यासारखं सरळ बोलणारे. दुसरा बड, तो वर यानातच घिरट्या घालत होता, खाली उतरलाच नाही. तो दिवसभर पत्ते खेळतो. आणि तिसरे डेल व्हिटकम, कर्नलबरोबर खाली उतरलेले. उंच, हातांना सारखा काहीतरी चाळा असणारे.

मला आता धूळ लागलेलीच आहे म्हटल्यावर वरिष्ठांनी फोनवरून सांगितलं की सुटांचं उरलेलं काम मी आत बसून, उघड्या हातांनी करावं. म्हणजे शिक्षेबरोबर कामही. मागच्या खोलीत तिन्ही सूट टेबलांवर उताणे झोपवलेत. आतून हवा गेली की सूट चपटा बसतो, पण या तिन्हींतला डेलचा अजून पुरता बसलेला नाही. छाती खाली गेलीय, पण डाव्या पायाची पोटरी भरलेली दिसते. सुटाचं आतलं रबर ताठ राहिलं की असं होतं. खोलीत फटाके उडवून झाल्यावर येतो तसा वास आहे. त्या धुळीचा वास. तो केसांत बसतो.

डेल दाराशी आले. आत पाऊल टाकलं नाही.

"माझ्या डाव्या पोटरीवरचा खिसा पाहिलात, मॅम?"

"तुमचा सूट शेवटी घेणार आहे. काही राहिलंय का त्यात?"

"नाही. रिकामाच असायला हवा." त्यांचा हात दाराच्या कडीशी खेळत होता. "परतताना त्या जागी काहीतरी सारखं चुळबुळत होतं. आत कापडाची घडी असेल."

असेल, म्हटलं मी. नसते तिथे घडी, पण कशाला वाद.

६ मार्च, शुक्रवार

ईस्टरआधीचा उपासाचा शुक्रवार, मटण वर्ज्य, म्हणून अ‍ॅल्विनने मासे तळले. वास येताच मी धावत जाऊन नळ सोडला आणि नळाच्या आवाजात ओकले. बाहेर येते तर हा दाराला टेकून उभा.

"काय गं पोरी, माझा मासा आवडला नाही?"

"ईस्टरपर्यंत कॉफी सोडलीय मी. रिकाम्या पोटी पित्त होतं."

"हो का? माझ्या बायकोला सहा वेळा असलंच पित्त झालं होतं," म्हणाला आणि गालात हसला. खारी बिस्किटं हातात कोंबली. "उठल्या उठल्या दोन खायची. पाय जमिनीला लागायच्या आत."

याची बायको नाजूक प्रकृतीची असणार. पण मला भीती वेगळीच वाटते. डॉक्टरांना हे कळलं तर संपलं. आतल्या एकालाही काही झालं तर सगळ्यांची मुदत वाढणार, आणि चंद्रावरून आलेलं कापडी सामान, जे धुवून शुद्ध करता येत नाही ते सगळं, भट्टीत जाणार. सूट, आतली, अंग थंड ठेवणाऱ्या नळ्यांची अंतर्वस्त्रं, तिघांच्या खाजगी पिशव्या, सगळं. अर्धं आयुष्य मी शिवणात घालवलंय. माझ्या ओकारीपायी ते जळावं हे मला सहन होणार नाही.

सकाळी मी कोपरापासून बोटांपर्यंत हात पाहिला. धूळ कधीच धुतली, पण कातडीच्या रेषांत अजून राखाडी दिसतं.

८ मार्च, रविवार

आज भेटीचा वार. काचेच्या भिंतीला इकडून तिकडून फोन लावलेत. रुडी कोट घालून आला होता, लग्नानंतर प्रथमच. त्याच्या आईने डबाभर कोलाची पाठवल्यात, खसखस भरलेले गोड पाव. येणारं सामान आत येऊ देतात, जाणारं जाऊ देत नाहीत. खसखशीचा वास येताच मी डबा बडकडे सरकवला. सासूबाईंना कळलं तर पुन्हा मेणबत्त्या.

डेलची बायको मार्वा शेजारच्याच फोनवर होती. छोट्या चणीची, हातात मोजे विणायच्या सुया असलेली. नवऱ्याशी मोजकं बोलली. मग डेल उठून गेले तरी ती बसून राहिली आणि मला खूण केली, फोन उचला म्हणून.

"तुम्हीच ना त्यांच्या कपड्यांचं बघता? एक विचारू? वेडी समजू नका."

मुलीचा एक मोजा सापडत नाही, म्हणाली. मुलीचं नाव कोरा. ती जाऊन दोन वर्षं होतील. चारची होऊन गेली. तिचं सगळं एका पत्र्याच्या डब्यात ठेवलंय. मोज्यांचे सात जोड, सगळे हिने डावा-उजवा वेगळा करून विणलेले, पांढरे, घोट्यापाशी लाल काठ. आता सहा जोड आणि एकटा उजवा. "घर उलटंपालटं केलं. बहिणीला नाही नाही ते बोलले. ती आता येत नाही माझ्याकडे."

"सापडेल हो. धुण्यात गेला असेल."

"ते मोजे कधी धुवावेच लागले नाहीत." काचेपलीकडे ती माझ्याकडे नाही, माझ्या हातांकडे बघत होती. "तिच्या पायांत जोरच नव्हता. जन्मापासून. एकदाही उभी राहिली नाही ती. चौदाच्या चौदा मोज्यांचे तळवे कसे कोरे करकरीत. मला त्याचाच राग यायचा. बाकीच्या बायका मुलांच्या मळक्या मोज्यांवरून कुरकुरायच्या, आणि मी तिथून उठून जायचे."

आम्हाला तर मूलच झालं नाही. डॉक्टरांनी आशा सोडा म्हटल्यावर मीही ती सोडली, आता दोन वर्षं झाली. तिच्यापुढे माझं दुःख काय सांगायचं?

९ मार्च, सोमवार

डेलचा सूट घेतला. छाती, खांदे, हात, सगळं नेहमीसारखं. गुडघ्यांवर धूळ काळीशार. डावी पोटरी अजून भरलेली. खिशाची झडप उघडली आणि सूट बसला. हळूहळू, उसासा टाकल्यासारखा.

खिशात मोजा होता. पांढरा, लाल काठाचा, माझ्या तळहातात मावेल एवढा.

वर पांढराशुभ्र. काठाला धुळीचा कण नाही. उलटा केला तर तळवा राखाडी. टाचेचा गोल, मग मधला भाग कोरा, पुढे चवडा आणि पाच बोटं, करंगळीपर्यंत. मी चिकटपट्टी लावून धूळ उचलायला गेले तर निघेना. कापडावर धूळ उडून बसली की ती वरवर असते, सगळीकडे असते. ही टाक्यांच्या आत गेलीय. वरून भार पडल्याशिवाय अशी जात नाही. माझं सगळं आयुष्य कापडात गेलंय, मला हे कुणी शिकवायला नको.

दारात डेल उभे होते. केव्हा आले कळलं नाही.

"रिकामा ना?"

"रिकामा," म्हटलं मी. मोजा माझ्या मुठीत होता.

खोटं का बोलले ते मला आताही सांगता येत नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून भ्यायले एवढं खरं.

११ मार्च, बुधवार

काल काही लिहिलं नाही. अंथरुणातच होते. पित्त.

आज डेल आपणहून येऊन बसले. बाकीचे जेवत होते. मी अंतर्वस्त्राच्या नळ्या पुसत होते आणि ते भिंतीकडे बघून बोलत होते.

"तुम्हाला मार्वाने मोज्याचं सांगितलं असेल."

"हो."

"मी घेतला. तिला न विचारता. आमच्या खाजगी पिशवीत काय आहे ते कुणी कुणाला विचारत नाही, तो आमच्यातला रिवाजच आहे. पण मी पिशवीतही ठेवला नाही, पोटरीवर ठेवला. शेवटच्या फेरीत एक सपाट दगड दिसला, जेवणाच्या टेबलाएवढा. कर्नल पलीकडे खोदत होते. मी त्याच्यावर ठेवून आलो."

"का हो?"

त्यांनी टेबलावरची एक नळी उचलून बोटांत फिरवली. मग म्हणाले, "तिथे माणसाचं वजन सहावा हिस्सा. एवढा अवजड सूट घालून मी तिथे पोरासारखा उड्या मारत होतो. मला वाटलं, तेवढंच वजन असतं तर तिच्या पायांनी..." डोळे पुसले. "मार्वाला सांगायचं धाडस होत नाही. सातव्या जोडीचा मोजा मी अशा जागी टाकून आलोय जिथून तो कधी आणता येणार नाही. बाप म्हणून मला बरं वाटावं म्हणून तिचं चोरलं."

मोजा माझ्या एप्रनच्या खिशात होता. त्याला वजन असं नाहीच, तरी मला तो सारखा जाणवत होता.

१२ मार्च, गुरुवार

कर्नलना विचारायचं ठरवलं. दुसरं कोण सांगणार? ते दाढी करत होते. मी मोजा पुढे धरला. वस्तरा थांबला.

"कुठे मिळाला?"

"त्यांच्या पोटरीच्या खिशात. ते म्हणतात दगडावर ठेवला."

"दगडावरच ठेवला होता." त्यांनी तोंड पुसलं आणि दार लोटलं. "मी पाहिलं त्याला ठेवताना. बोललो नाही. पण मार्वाला मी ओळखतो, कोराच्या दफनाला मी शवपेटी खांद्यावर घेतली होती. मार्वा तो मोजा शोधून शोधून वेडी होईल हे याच्या डोक्यात आलं नाही, माझ्या आलं. निघायच्या आधी वळलो आणि उचलला. यानात चढल्यावर त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवताना गुपचूप त्याच्या खिशात सरकवला. घरी गेल्यावर मिळेल, दोघं काय ते बघतील, असा विचार."

माझ्या छातीवरचा दगडच उतरला. म्हटलं, "बरं केलंत. मी उगाच काहीबाही... हा तळवा बघा ना, दगडावर धूळ असेल तिचीच लागली."

त्यांनी मोजा उलटा केला. बराच वेळ पाहत होते.

"दगड साफ होता," म्हणाले. "आणि मोजा दगडावर नव्हता."

"म्हणजे?"

"खाली होता. दगडापासून दहा-बारा पावलांवर. आमच्या यानाच्या दिशेने."

"उडाला असेल."

"व्हर्ना, तिथे वारा नसतो."

मी विचारलं की मधल्या धुळीवर काही दिसलं का. कर्नल स्टॉबर माणूस सरळ. त्यांनी सरळ सांगितलं, "मी पाहिलं नाही. मान खाली घालून उचलला आणि वळलो. मला पाहायचं नव्हतं."

मग त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला. "हे कुणाला कळता कामा नये. मार्वाला तर नाहीच. तू कपडेवाली आहेस, तो स्वच्छ धुऊन दे. पांढरा कर. जसा होता तसा डब्यात जाऊ दे. ही विनंती नाही."

मी बरं म्हटलं.

त्याच दिवशी, जेवणानंतर

बेसिनमध्ये कोमट पाणी घेतलं. साबण घेतला. मोजा हातात धरून उभी राहिले. अंगठ्याचा ठसा जरा खोल आहे, बाकीच्या बोटांपेक्षा. चालायला शिकणारं मूल असंच अंगठा रोवून उभं राहतं, माझ्या भाच्याला मी हात धरून चालवलंय.

पाणी सोडून दिलं. उद्या बघू.

१३ मार्च, शुक्रवार

उद्या काही उरलं नाही. सकाळच्या तपासणीत डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला आणि मी त्यांच्या बुटांवर ओकले.

सगळे होते तिथे उभे राहिले. बडच्या हातातले पत्ते तसेच. डॉक्टरांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा. "केव्हापासून?" मी खरं सांगितलं. पित्त, चक्कर, रडू येणं, कातडीतली राखाडी, सगळं. "एक आठवडा लपवलंत?" एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग फोनवर फोन. शेजारच्या खोलीत ज्या पांढऱ्या उंदरांना धूळ टोचलीय त्यांची पुन्हा मोजणी, सगळे ठणठणीत. माझं रक्त काढलं, बाटलीत लघवी घेतली. आणि हुकूम आला की उद्या दुपारपर्यंत कारण कळलं नाही तर सगळं कापड भट्टीत.

डेल काही बोलले नाहीत. कर्नल मला बाजूला घेऊन म्हणाले, "एका परीने बरंच झालं. जळेल म्हणजे प्रश्न मिटला."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "कुणाचा प्रश्न, कर्नल? तुमचा. तिकडे एक बाई डबा उपसतेय, सख्ख्या बहिणीला चोर ठरवून बसलीय, आणि तुम्हाला झोप लागावी म्हणून मी तो जाळू?"

"तो तळवा पाहून तिचं काय होईल?"

"मला माहीत नाही. तुम्हालाही नाही."

असं मी चंद्रावर जाऊन आलेल्या माणसाशी बोलले. अ‍ॅल्विन मात्र खुशाल बटाटे सोलत होता. "कुणाचं काही जळत नाही," म्हणाला. "डॉक्टर शिकलेला आहे, त्याला वेळ लागतो."

मी मेले तर? काल पडल्या पडल्या पोटात बारीक चुळबुळ झाली, खिशात झाली असेल तशी. डाव्या बाजूला. कुणाला सांगितलं नाही.

१४ मार्च, शनिवार

डॉक्टर पायर कागद घेऊन आले आणि दाराला अडखळले. "मिसेस मारेक, बसा," म्हणाले. मी बसलेलीच होते.

मला दिवस गेलेत.

तीन वेळा विचारलं. तीन वेळा हो म्हणाले. आत यायच्या आधीपासूनच आहेत, धुळीचा काही संबंध नाही, कापड जळणार नाही, मुदत वाढणार नाही. बडने पत्ते उधळले. अ‍ॅल्विन म्हणाला, "सहा वेळा पाहिलंय मी. मासा तळताच कळलं होतं." मी त्याला चमचा फेकून मारला आणि मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. रुडीला फोन केला. त्याने आधी आईला हाक मारल्याचं ऐकू आलं.

खूप आनंद झालाय. फक्त एक गोष्ट मी डॉक्टरांना विचारली, इतक्या लवकर पोटात हालचाल कळते का. ते हसले. "छे, अजून दोन-तीन महिने तरी नाही. भास असेल."

असेल.

१५ मार्च, रविवार

सकाळी मोजा डेलच्या समोर टेबलावर ठेवला. न धुतलेला. सगळं सांगितलं, कर्नलनी उचलल्याचं, कुठून उचलल्याचं. कर्नल तिथेच बसले होते, मान खाली घालून त्यांनी हो म्हटलं. डेलनी मोजा उलटा केला आणि त्यावर अंगठा ठेवला. उठून सरळ काचेशी गेले.

मार्वाने आधी लाल काठ ओळखला. फोन माझ्या हातात नव्हता, पण काचेतून तिचे ओठ वाचता येत होते. "तू नेलास?" मग बरंच काही. ती उभी राहून बोलत होती, काचेवर मुठीने मारत होती, आणि डेल नुसते ऐकत होते. मग त्यांनी मोजा तळव्याकडून काचेला लावला.

ती थांबली. वाकून जवळ आली. इकडून मी, अ‍ॅल्विन, डॉक्टर, सगळे उभे. तिने एक बोट काचेवर ठेवलं आणि टाचेपासून सुरुवात करून हळूहळू फिरवलं. मग बोटं मोजली. अंगठ्यापाशी परत आली.

कर्नल म्हणाले होते, तिचं काय होईल. मला वाटलं होतं किंचाळेल.

तिने फोन उचलला. डेलनी आपला फोन माझ्यासाठी कानापासून जरा दूर धरला, म्हणून ऐकू आलं.

"डेल," ती म्हणाली, "बघ कसा मळवलाय."

ती हसत होती. गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती, पोराच्या मळक्या मोज्यावरून कुरकुर करणाऱ्या कुठल्याही बाईसारखी. "सांगितलं होतं ना बूट घाल म्हणून," असंही काहीतरी म्हणाली. कर्नल उठून आत निघून गेले. मी वळून भिंतीशी तोंड केलं.

२० एप्रिल, सोमवार

घरी येऊन महिना होत आला. खसखशीच्या कोलाचीचा वास आता चालतो. सासूबाईंनी नवसाच्या मेणबत्त्यांचं पूर्ण खोकं आणलंय.

काल मार्वा आली होती. बहिणीला घेऊन. डावा मोजा तिने डब्यात ठेवला नाही, स्वयंपाकघरात खिडकीपाशी टांगलाय, म्हणाली. डेलनी पुन्हा उड्डाणाला जायला नकार दिला, बागेत काम करतात. निघताना तिने पर्समधून टिश्यूच्या कागदात गुंडाळलेलं काही काढलं. उजवा मोजा. कोरा करकरीत.

"तुमच्या बाळाला. तो एकटा राहून काय करणार? मला आता डावा पुरतो."

नको म्हणणार होते. कसं म्हणू? घेतला, आणि आमच्या खोलीतल्या खालच्या खणात ठेवला, तळवा खाली करून, अगदी मागे, भिंतीला लागून.

आज सकाळी खण बोटभर उघडा होता. रुडी म्हणतो, त्याने हात लावला नाही. मोजा खणातच होता, पण मागे नव्हता. पुढे आला होता, पलंगाच्या बाजूला, मी झोपते त्या बाजूला.

आमच्या घराला वारा भरपूर लागतो, तसं मी रुडीला सांगितलंही. मोजा उलटून पाहिला नाही. खण लावायला हात पुढे केला होता, मग तसाच थोडा उघडा राहू दिला.